मागे माग चालू आहे

सात रस्त्याला, बँकेच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
मी माणसांचे आवाज ऐकते.
एक आवाज चार सेकंदांचा,
एका आवाजाचे पंचेचाळीस पैसे.
नाव नसतं, गाव नसतं,
वाक्य मधूनच तुटलेलं, सुतासारखं,
आणि खाली सहा चौकोन:
आनंद, दुःख, राग, भीती, किळस, काही नाही.
एक दाबायचा. पुढे जायचं.

यंत्र शिकतंय, म्हणतात.
उद्या कुणी तणतणत फोन केला
तर ते आपणहून आवाज उतरवेल,
कुणी रडकुंडीला आलं तर थांबत थांबत बोलेल.
चांगलंच आहे.
आमच्या गल्लीत एवढं शिकलेलं कुणी नाही.

पहिल्या महिन्यात त्याने
अख्खं सोलापूर रागीट ठरवलं होतं.
‘काय बे, जेवलास काय’
राग, चौऱ्याऐंशी टक्के.
‘ये की बे घरी’
राग.
मी एकेक खोडत बसले.
पुण्याहून साहेबांचा फोन: श्रीलता, फार दुरुस्त्या करतेस तू.
म्हटलं, सर, हा बे म्हणजे खांद्यावर टाकलेला हात आहे.
ते हसले.
त्या हसण्याला कुठला चौकोन द्यावा, कळलं नाही.

काल दुपारी, बाहेर त्रेचाळीस,
त्या दिवसाचा सहाशेवा आवाज असेल, कानात आला:
‘नको म्हणलो ना ते मशीन! परत घेऊन जावा!’
यंत्राने आधीच खूण केलेली: राग, एक्क्याण्णव टक्के.
मी फक्त हो म्हणायचं होतं.

परत ऐकलं.
आवाजाच्या पाठीमागे खट् खट् खट्,
आणि त्यातला एक ठोका लंगडा.
डावीकडच्या मागाचा.
त्याचा धोटा दिवाळीपासून अडतोय.
भद्रावती पेठेतली ती शेड मला पाठ आहे,
तिथे कांड्यांच्या टोपलीत मी झोपलेय.

सत्तय्या गाजूल, वय एकसष्ट,
चाळीस वर्षं चार मागांच्या मधे उभे.
नाना घरात तेलुगू ओरडतात, बाहेर मराठी,
देवापुढेही ओरडूनच मागतात,
स्वतःचं स्वतःला ऐकू येईपर्यंत
माणूस आवाज चढवत राहतो ना, तसे.
कानाचं मशीन मीच मागवलेलं, हप्त्यावर,
पंचेचाळीस पैसे, पंचेचाळीस पैसे करून.

मग हा राग कसला?
‘परत’ म्हणताना आवाज जरासा घसरतो.
ती भीती असेल, हप्त्यांची.
की लाज? लाजेला चौकोनच नाही.
की खरंच राग, माझ्यावर,
न विचारता मागवलं म्हणून?
पुन्हा ऐकलं. पुन्हा. सोळा वेळा.
एकवीस वर्षं ज्या आवाजात वाढले
त्याचे चार सेकंद मला लावता येईनात.

पडद्यावर मवाळ रंगाची चौकट आली:
तुम्ही थकलेल्या वाटता. दोन मिनिटं विश्रांती घ्या.
विश्रांतीचे पैसे धरत नाहीत.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं,
मागे माग चालू आहे.
चौकोन दाबला नाही.
वेळ संपली, आवाज माझ्याकडून काढून
दुसऱ्या कुणाच्या तरी कानात दिला गेला.
त्याने काय दाबलं असेल?

रात्री नाना भाकरी मोडत होते, शेंगाचटणीशी.
मी यंत्राला शिकवते तशा आवाजात विचारलं,
नाना, मशीन का नको?
ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.
मग मी ओरडले.
मशीन! का! नको!
ते ओरडले, मी ओरडले,
ताटातली वाटी हलली,
समोरच्या चिलवेरी काकू विड्यांचं सूप खाली ठेवून
दारात आल्या:
काय झालं गं? भांडताय काय?

काही नाही, मी म्हटलं.
नानाही तेच म्हणाले, त्याच वेळी,
तेवढ्याच मोठ्याने.